टिकल्यांचं पिस्तूल आणि शाळेचं फाटक

हा किस्सा माझा जावई माझ्यापेक्षा चांगला सांगतो. आइंडहोवनच्या आसपासची मराठी मंडळी कुणाकडेही फराळाला जमली की तिसऱ्या चकलीनंतर कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो सासऱ्यांच्या पिस्तुलाचा किस्सा सांग ना." मग तो उठतो, मफलर डोक्याला गुंडाळतो, एक केळं हातात धरतो आणि सुरू होतो. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. मीही हसतो. किस्सा शंभरातले नव्वद भाग खरा आहे. उरलेले दहा भाग खोटे आहेत आणि ते मीच घुसवले आहेत, हे जावयाला अजून माहीत नाही. त्या दहा भागांसाठी हे लिहितो आहे.

पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात मी चौतीस वर्षं काडतुसं तपासण्याच्या कामावर होतो. गेटवर रोज झडती. काडीपेटी, विडी, लायटर बाहेर ठेवायचे, मगच आत पाऊल टाकायचं. इतकी वर्षं झडती दिल्यावर माणसाला सवय अशी लागते की लग्नाच्या हॉलमध्ये शिरतानाही हात आपोआप वर जातात. निवृत्तीनंतर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि ही, दरवर्षी शरदात तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे न्यूनेनला येतो. जावई चिप बनवायच्या यंत्रांच्या कामात आहे. गाव इतकं शांत की शेजारच्याने कॉफीत चमचा फिरवला तरी ऐकू यावं.

नात दहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमधून देते, फार लाडात आली तर इंग्रजीतून. तिला शाळेतून आणणं हे माझं काम. शाळा सव्वादोनला सुटते, मी दीडलाच पोचायचो. त्याला कारण शाळेचा केअरटेकर.

इथल्या शाळेत शिपाई, माळी, सुतार, प्लंबर असं सगळं मिळून एकच माणूस असतो. हा साठी उलटलेला, टकला, सहा फुटांच्या वर, आणि माझ्यासारखाच हातात पाना नसला की कासावीस होणारा. मला डच येत नव्हतं, त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, इंग्रजी दोघांचंही काम भागण्यापुरतं. पण पंक्चर काढायला भाषा लागत नाही. पहिल्या वर्षी मी कुंपणाबाहेरून बघत होतो. तो एका छोट्या सायकलची ट्यूब कानाशी धरून भोक शोधत होता. मी खुणेने सांगितलं, अरे बाबा, बादलीत बुडव, बुडबुडे येतील. तो म्हणाला, "माहीत आहे. पण बादली लांब आहे." त्या दिवसापासून बादली मी आणायला लागलो. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या सायकली आम्ही दोघांनी बऱ्या केल्या असतील.

माझ्यासाठी तो शाळेचं बाजूचं लहान फाटक उघडं ठेवायचा. नियमाप्रमाणे ते सकाळी पावणेनऊनंतर बंद हवं. पुढच्या दारातून यायचं तर ऑफिसात सही करा, पाहुण्याचं कार्ड गळ्यात घाला. त्याने एकदाच हात झटकून सांगितलं होतं, "त्या फाटकातून ये. तू काय पाहुणा आहेस?"

गेल्या वर्षी येताना मी पुण्यात रस्त्यावरच्या स्टॉलवरून एक पत्र्याचं पिस्तूल घेतलं. काळं, हातात धरल्यावर बऱ्यापैकी वजनदार. बरोबर लाल कागदाच्या टिकल्यांचे रोल. लेकीने नातीला सांगून ठेवलं होतं की ती लहानपणी आमच्या क्वार्टर्समध्ये दिवसभर टिकल्या वाजवत फिरायची आणि मुलगे तिला घाबरायचे. नातीला ते पिस्तूल बघायचंच होतं. टिकल्या विमानात न्यायच्या नसतात हे काडतुसं तपासणाऱ्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. तरी मी नेल्या. हिच्या चकलीच्या भाजणीच्या डब्यात, पार तळाला.

दिवाळीच्या आधीचा मंगळवार. हवेत धुकं आणि अशी ओल की वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस तसाच. मला काळजी लागली, टिकल्या सादळल्या असतील तर? ऐन दिवशी नुसतं टक-टक झालं तर नातीसमोर काय इज्जत राहील? घरी वाजवून बघायची सोय नव्हती, ही ओरडली असती. म्हणून पिस्तूल खिशात टाकून निघालो. अंगात जावयाचा काळा रेनकोट आणि डोक्यावर हिने विणलेली माकडटोपी, नाकापर्यंत ओढलेली. लहान फाटकातून आत गेलो. केअरटेकर शेडमध्ये नव्हता. सायकलींच्या शेडमागे झाडांच्या कुंपणाशी एक बाक आहे, तिथे गेलो आणि घोडा ओढला. टक. पुन्हा टक. सादळल्याच, म्हटलं. तिसऱ्यांदा ओढला आणि ठाप! मग आणखी दोन, ठाप, ठाप! तो धुराचा वास नाकात गेला आणि मी एकटाच हसत सुटलो. माकडटोपीतून हसण्याचा आवाज कसा येतो ते माहीत नाही, पण चांगला येत नसावा.

मनात एकदम दिवाळी झाली. पिस्तूल खिशात घातलं आणि शाळा सुटायला वेळ होता म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीत नातीसाठी काहीतरी घ्यायला गेलो.

वीस मिनिटांनी परतलो तर शाळेचे सगळे पडदे ओढलेले, दोन पोलिसांच्या गाड्या, आणि रस्त्यापलीकडे आईबाप घोळक्याने उभे.

जावयाच्या किश्शातला सगळ्यात लोकप्रिय भाग इथून सुरू होतो. बाबांना वाटलं आगीची कवायत असेल. बाबा बेकरीची पिशवी घेऊन शांतपणे उभे. बाबांना इंग्रजीतलं काही कळलं नाही, डचमधलं तर नाहीच. पोलीस बाबांना म्हणतो, काका, जरा मागे सरका, इथे धोका आहे. आणि पिस्तूल बाबांच्या खिशात! अकरा दिवस बाबांना पत्ताच नाही!

खरं असं आहे. माझ्या शेजारी एक आई उभी होती. तिने मला इंग्रजीत सांगितलं, कुणीतरी सायकलींजवळ बंदूकवाला माणूस पाहिला, तोंड झाकलेला. तिने हळू आणि स्पष्ट सांगितलं, म्हाताऱ्या परक्या माणसाला सांगतात तसं. मला प्रत्येक शब्द कळला. त्या क्षणी माझा हात खिशात होता आणि हातात पिस्तूल होतं. मी दुसऱ्या हाताने माकडटोपी काढली. थंडी मरणाची होती, तरी काढली, आणि खिशात पिस्तुलावर कोंबली. ज्याला काही माहीत नसतं तो माणूस अशा थंडीत टोपी काढत नाही.

तासाभराने मुलं रांगेने बाहेर आली. नात खुशीत होती. टेबलाखाली बसून बाईंनी गोष्ट सांगितली, दोन दोन बिस्किटं मिळाली, आणि एका मुलाला उचक्या लागल्या तेव्हा सगळा वर्ग तोंड दाबून हसला. पण सगळीच मुलं खुशीत नव्हती. आमच्या शेजारची चार वर्षांची मुलगी त्यानंतर शाळेत एकटी बाथरूमला जाईना. तिच्या आईने ते लेकीला कुंपणावरून सांगितलं तेव्हा मी मागेच उभा राहून पानं गोळा करत होतो.

संध्याकाळी शाळेकडून वर्णन आलं. लेकीने फोनवरून वाचून दाखवलं, "पुरुष, काळा कोट, चेहरा झाकलेला, वय अंदाजे तीस, चपळ."

"तीस?" मी विचारलं.

"हो ना. तरुण पोरगा असणार."

माझं वय चौऱ्याहत्तर. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दाने कुठेतरी बरंही वाटलं.

बोललो का नाही, हे सांगायला हवं. व्हिसा आठवला. जावयाची नोकरी आठवली. पोलीस म्हटलं की आमची पिढी रस्ता बदलते. उद्या सांगू, असं म्हणत पिस्तूल माळ्यावर रिकाम्या बॅगेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की लहान फाटक उघडं होतं म्हणून तो माणूस आत शिरला असं ठरलं आहे, आणि शाळेने केअरटेकरला सध्या घरी बसायला सांगितलं आहे. पालकांची सभा होईल, मग त्याचं काय करायचं ते बघू. निवृत्तीला त्याचं दीड वर्ष उरलं होतं. मग तर 'उद्या' आणखीनच अवघड झालं.

घरात रोज जेवताना हाच विषय. जावई म्हणायचा, "आमच्या क्लीनरूममध्ये बॅजशिवाय माशी शिरत नाही. आत काय असतं? यंत्रं. आणि इथे एवढी पोरं आत, तर फाटक उघडं!"

लेक म्हणायची, "मग पोरांना पण पांढरे झगे घालून क्लीनरूममध्ये ठेवायचं का?"

"तू चेष्टा कर. अमेरिकेत काय चाललंय, बघतेस ना?"

"आपण अमेरिकेत राहत नाही. तिकडची ऑफर आली तेव्हा तूच नको म्हणालास. का म्हणालास? मुलीला शाळेत एकटीला सायकलवर जाता यावं म्हणून ना?"

"सायकलवर जाऊ दे ना! फाटकाला कुलूप लावलं तर सायकल अडते का?"

"कुलूप लावलं की कॅमेरा येतो. कॅमेरा आला की दारात माणूस येतो. मग दप्तरं तपासतील. बाबांना विचार, रोज झडती दिल्यावर कसं वाटतं."

"विचारतोच. बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही यातले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आमटीत पोळी बुडवली आणि म्हणालो, "फाटक बंदच हवं. आणि ज्याने उघडं ठेवलं त्याला जाब विचारायला हवा."

ही दचकली. "अहो, तो तुमचा मित्र ना?"

"मैत्री वेगळी, शिस्त वेगळी."

हे वाक्य जावयाच्या किश्शात नाही. तो विसरला असेल. मी विसरलेलो नाही. आयुष्यात माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या, पण इतकं हलकं वाक्य तोंडातून निघालेलं दुसरं आठवत नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. आजीआजोबांनाही यायला मुभा होती, आणि नात मुलांच्या समितीत असल्यामुळे तिला बोलायचं होतं. केअरटेकर शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. इस्त्रीच्या शर्टात मी त्याला प्रथमच पाहत होतो. तो ओळखू येत नव्हता.

नात माझ्या कानात मोडक्या मराठीत आणि इंग्रजीत सांगत होती. एक बाप म्हणाला, त्या दिवसापासून माझा मुलगा आमच्या पलंगावर झोपतो, मला कुंपण उंच हवं आणि कॅमेरे हवेत, बाकी चर्चा मला नको. कुणी त्याला हसलं नाही. मग एक आई उठली, अमेरिकेत वाढलेली. ती म्हणाली, "आम्हाला शाळेत दिवे बंद करून कपाटामागे बसायला शिकवायचे. मी अजूनही कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी दुसरं दार शोधते. आजही शोधलं. माझ्या मुलाने फाटकातून आत शिरताना मागे वळून बघू नये म्हणून मी इथे राहते." तिलाही कुणी हसलं नाही. दोघांचंही मला पटत होतं, आणि दोघांनाही मीच तिथे उभं केलं होतं.

मग नात उठली. कागद बघून वाचलं, "मुलांचं म्हणणं असं आहे की फाटक बंद केलं तरी चालेल. पण मग सायकली कोण दुरुस्त करणार ते मोठ्यांनी आधी ठरवावं."

हॉल हसला. केअरटेकर मात्र उठून उभा राहिला. म्हणाला, "फाटक उघडं होतं. मी ठेवलं होतं. चूक माझी आहे." एवढंच. कुणासाठी उघडं ठेवलं होतं ते त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी उठलो. नातीला म्हटलं, "मी सांगतो ते एकेक वाक्य डचमध्ये सांग."

"आजोबा, बसा ना," ती चक्क मराठीत म्हणाली.

"सांग. तो माणूस मी होतो."

ती तोंड उघडून बघत राहिली. मग तिने ते सांगितलं.

"पिस्तूल खोटं होतं. दिवाळीचं. टिकल्यांचं."

या पाच शब्दांचं भाषांतर ती दोन मिनिटं करत होती. त्यात दिवे आले, रांगोळी आली, तिच्या आईला घाबरणारे मुलगे आले, बहुतेक लाडूही आले. लोकांच्या चेहऱ्यांवर आधी राग, मग गोंधळ. तेवढ्यात ज्या तरुण शिक्षिकेने खिडकीतून मला पाहिलं होतं ती उभी राहिली आणि म्हणाली, "पण तो माणूस तिशीतला होता!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी होतो तसा उभा होतो, स्वेटर, चष्मा, पांढऱ्या मिशा. कुणीतरी फसकन हसलं, आणि मग बांध फुटल्यासारखा हॉल हसत सुटला. तो पलंगवाला बापही हसला, डोळे पुसत. ती शिक्षिका लाल झाली आणि माझ्याजवळ येऊन माझा हात धरून हसली. अकरा दिवस साठलेली भीती एकदम बाहेर पडत होती. तितका मोठा आनंद मी कुठल्या समारंभात पाहिलेला नाही.

मुख्याध्यापिकाबाई हसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

आणि मी म्हणालो, "मला आत्ता, इथे ऐकताना कळलं."

नातीने ते डचमध्ये सांगितलं. बाईंचा चेहरा मऊ झाला. बिचारे आजोबा. मी पाहिलं, केअरटेकर मान हलवत होता, त्याला पटलं होतं.

घरी आल्यावर ही कपाळाला हात लावून बसली. "चौतीस वर्षं गेटवर काडीपेटी काढून दिलीत, आणि टिकल्या माझ्या भाजणीत? त्याच भाजणीच्या चकल्या मी साऱ्या गल्लीला खायला घातल्या!"

"कुणाला काही झालं का?"

"झालं नाही, पण एखाद्याच्या पोटात वाजली असती म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी आमच्या भागाचा पोलीस सायकलवरून आला. माळ्यावरून पिस्तूल आणून दिलं. त्याने मला समजावलं, खऱ्यासारखं दिसणारं खोटं हत्यारही इथे चालत नाही, ते आता परत मिळणार नाही. एक कागद लिहिला, माझी सही घेतली. हिने चहा आणि चकली पुढे केली. त्याने चकली उचलली, निरखून बघितली आणि विचारलं, "ही सुरक्षित आहे ना?" लेकीने ते मराठीत सांगेपर्यंत त्याने चार खाल्ल्या होत्या.

केअरटेकर सोमवारी कामावर आला. सभेत शेवटी ठरलं ते असं: कॅमेरे नाहीत, उंच कुंपण नाही, शाळेच्या वेळात लहान फाटक बंद. पण सकाळी आणि शाळा सुटताना ते उघडं राहील आणि तिथे दोन मोठी माणसं उभी राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतील. पलंगवाल्या बापाला हे कमी वाटलं, अजूनही वाटतं. तो चुकतो आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फाटकाशी उभं राहायला पहिला केअरटेकर, आणि त्याने दुसरं नाव माझं सांगितलं. पिवळं जाकीट घालून मी रोज उभा राहू लागलो. ते दिवस इतके मजेत गेले की पुण्याला परत जाताना मी लहान मुलासारखा रुसलो होतो.

मग वर्षभर तो मान हलवणारा माणूस डोळ्यासमोर येत राहिला. दर रविवारी व्हिडिओवर नात मला डच शिकवायची. तिला वाटायचं, आजोबांना पोरांशी गप्पा मारायच्या आहेत. मला तीनच शब्द हवे होते. पुण्यात गॅलरीत उभा राहून मी ते घोकायचो आणि ही आतून विचारायची, "कुणाशी बोलताय?"

परवाच्या शनिवारी फराळाला लेकीने केअरटेकरला आणि त्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. जावयाने किस्सा या वेळी डचमध्ये सादर केला, खास पाहुण्यांसाठी. 'अकरा दिवस बाबांना पत्ताच नाही' इथे केअरटेकर मांडीवर थाप मारून हसला आणि प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सहन होईना. मी त्याला म्हटलं, जरा मागच्या बागेत ये.

बाहेर उजेड होता, बागेत ऊनही होतं. मी म्हणालो, "इक विस्त हेत." मला माहीत होतं.

"काय माहीत होतं?"

"तो मी आहे, हे. त्याच दिवशी. त्याच तासात."

मी मोडकं तोडकं, निम्मं इंग्रजीत, पुढचंही सांगून टाकलं. टोपी काढली ते. 'ज्याने फाटक उघडं ठेवलं त्याला जाब विचारा' हेही. हातातली करंजी त्याने खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

"सभेत तू म्हणालास की..."

"खोटं."

त्याने बोटांना लागलेलं करंजीचं सारण पुसलं. मग म्हणाला, "मला आता राग येणार आहे. पण इथे नको. तुझ्या बायकोने इतकं सगळं केलंय. मला सोमवारपर्यंत वेळ दे."

आणि आत जाऊन त्याने उरलेला फराळ खाल्ला, हिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि बायकोला घेऊन गेला. इथली माणसं अशी. आमच्याकडे कुणी रागवायला मुदत मागत नाही.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. काल सोमवारी सव्वाआठला पिवळं जाकीट घालून गेलो. तो आधीच फाटकाच्या त्या बाजूला उभा होता. मी या बाजूला. पोरं यायला लागली. तो प्रत्येकाला नावाने हाक मारत होता, टाळ्या देत होता, एकाच्या बुटाची नाडी बांधत होता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मीही हाका मारत राहिलो. माझे डच उच्चार ऐकून पोरं हसत होती आणि मुद्दाम पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत येत होती, म्हाताऱ्याने आपलं नाव परत चुकवावं म्हणून.

घंटा झाली. त्याने फाटक ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझी बायको म्हणते, सोडून दे. मी तिला म्हटलं, ते अकरा दिवस तुझे नव्हते, माझे होते. मी रोज सकाळी कपडे करून खुर्चीत बसायचो. मला वाटायचं, माझ्यामुळे एखाद्या मुलाला काही झालं असतं तर?"

मी जाकिटाची चेन उगाच वरखाली केली.

"आणि दुसरं काय वाटायचं, माहितीये? तुला पंक्चर काढायला कुणी आत घेत नसेल. वाईट वाटायचं मला तुझ्यासाठी." तो स्वतःवरच चिडून हसला. "मूर्ख आहे मी."

"मूर्ख मी," मी म्हणालो.

"हो, तूच जास्त." मग त्याने बोट वर केलं. "एक गोष्ट करायची. तुझ्या घरातले सगळे हसतात. हसू देत, गोष्ट चांगली आहे, मलाही आवडते. पण त्यांना खरी सांग. सगळी."

"मग तू मला माफ करशील?"

"ते अजून माहीत नाही," तो म्हणाला. "आधी सांग, मग बघू." आणि शाळेकडे चार पावलं गेल्यावर वळून ओरडला, "उद्या सव्वाआठला! आज तू तीन मुलांची नावं चुकवलीस!"

"त्यांनीच चुकवायला लावली!" मीही ओरडलो. वर्गाच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो, का ते मला नीट सांगता येणार नाही.

आजही सव्वाआठला जाऊन आलो आणि तेव्हापासून लिहायला बसलो आहे. आता साडेपाच वाजले. आत ही पोळ्या लाटते आहे, नात टेबल मांडते आहे, लेक फोन संपवते आहे, आणि जावई आत्ताच सायकल भिंतीला टेकवून बूट काढतो आहे. जेवण थंड होईल असं ही म्हणेल. होऊ दे. मी चष्मा पुसला आहे, कागद हातात घेतले आहेत, आणि हाक मारतो आहे, "जरा सगळे बसा. मला काहीतरी वाचून दाखवायचंय."